एक मत, दोन पारडी

सन २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेतील कॅथलिक मतदारापुढे मोठा पेच उभा राहिला. डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी हे स्वतः कॅथलिक. १९६०च्या जॉन केनेडींनंतर प्रमुख पक्षाने अध्यक्षपदासाठी उभा केलेला हा पहिलाच कॅथलिक उमेदवार. परंतु गर्भपाताचा कायदेशीर हक्क अबाधित राहावा, अशी त्यांची भूमिका होती. रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश गर्भपाताचे विरोधक होते. मात्र मार्च २००३मध्ये त्यांनीच इराकवर सैन्य धाडले होते. ते धाडू नये म्हणून पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला पाठविले होते. परंतु ही शिष्टाई निष्फळ ठरली.

या पेचाची मुळे जुनी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. त्यात गर्भहत्येचा निषेध आहे, तसाच रहिवाशांसह शहरेच्या शहरे नष्ट करणाऱ्या युद्धाचाही आहे. परिषदेने जे एकत्र ठेवले, ते राजकारणाने वेगळे केले. २२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. पुढील काळात गर्भपाताचे विरोधक बहुतांशी एका पक्षाकडे वळले, तर युद्धाचे अनेक टीकाकार दुसऱ्या पक्षाकडे. स्थलांतरित आयरिश, इटालियन, पोलिश श्रमिकांपासून डेमोक्रॅटिक पक्षाशी जोडलेला कॅथलिक समाज यामुळे दुभंगला.

ही फाटलेली वीण सांधण्याचा प्रयत्न कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी केला. अण्वस्त्रांविषयी अमेरिकन बिशपांनी मे १९८३मध्ये काढलेले पत्र त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने तयार केले होते. त्याच वर्षी ६ डिसेंबरला फोर्डहॅम विद्यापीठात त्यांनी प्रतिपादन केले की, गर्भातील बालक, अणुयुद्धाच्या छायेतील नगरवासी आणि फाशीची वाट पाहणारा कैदी या सर्वांच्या जिवाचा कैवार एकाच सूत्राने घ्यावयास हवा. यामुळे गर्भपाताचे गांभीर्य उणावेल, असा आक्षेप निघाला. प्रश्न भिन्न आहेत, परंतु परस्परांशी निगडित आहेत, असे त्यांचे म्हणणे होते.

२००४च्या उन्हाळ्यात कार्डिनल रात्झिंगर यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. गर्भपात हे स्वभावतःच दुष्कृत्य होय. अमुक युद्ध न्याय्य की अन्याय्य, याबाबत मात्र कॅथलिकांत प्रामाणिक मतभेद असू शकतो, असा भेद त्यात केला होता. गर्भपाताच्या समर्थनासाठीच एखाद्याला मत देणारा त्या पापात सहभागी होतो. परंतु ती भूमिका अमान्य करून, तितक्याच वजनदार अन्य कारणांसाठी दिलेले मत ग्राह्य ठरू शकते, असेही त्यात म्हटले होते. मग वजनदार कारण कोणते? कोणी न जन्मलेल्या बालकांची संख्या पुढे केली, कोणी इराकमधील मृतांकडे बोट दाखविले. शिवाय बळाचा वापर करण्याचा अधिकार अध्यक्षांना देणाऱ्या ऑक्टोबर २००२च्या ठरावाला केरींनीही अनुकूल मत दिले होते. निष्कलंक असे पारडे एकही नव्हते. मतदानोत्तर पाहणीनुसार कॅथलिकांची सुमारे ५२ टक्के मते बुश यांना, तर ४७ टक्के केरींना मिळाली.

२४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९७३चा निर्णय रद्द केला व हा प्रश्न राज्यांकडे सोपविला. तराजू हलला, तोलण्याचे काम मात्र संपले नाही. अमेरिकन बिशपांनी २००७च्या मार्गदर्शनात उमेदवार सांगितला नाही. सदसद्विवेकबुद्धी घडविण्यास सांगितले.

या इतिहासातून एक बोध घ्यावासा वाटतो. मत दिल्याने कर्तव्य संपत नाही, ते तेथून सुरू होते. ज्याने बुश यांना निवडले, त्याच्यावर इराकमधील मातांच्या वतीने बोलण्याचे ऋण होते. ज्याने केरींना पसंती दिली, त्याच्यावर गर्भातील मुक्या जिवाचे. आपण निवडलेल्या माणसाच्या अपराधाविषयी मौन पाळणे हे त्या अपराधाला दिलेले दुसरे मतच होय. आणि ते कोणत्याही मतमोजणीत दिसत नाही.