आतड्यातले बिऱ्हाडकरू

फराळाचे ताट पुढ्यात असताना आतड्यातल्या जीवाची कथा काढणे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. ज्यांना चकली हातात धरून वाचायची सवय आहे त्यांनी आधी ती संपवावी, हात धुवावेत (हात धुण्याला या कथेत फार महत्त्व आहे) आणि मग खुशाल पुढे वाचावे. कथा जवळजवळ साडेतीनशे वर्षांची आहे. तिचा आरंभ हॉलंडातल्या एका कापडवाल्यापासून होतो, आणि आज ती येऊन ठेपली आहे ओंजळीत मावणाऱ्या एका पाळीव प्राण्याच्या पिंजऱ्यापाशी.

आधी त्या प्राण्याची ओळख करून देतो. त्याला शुगर ग्लायडर म्हणतात. शुगर का, तर त्याला गोडाची आवड, आणि ग्लायडर का, तर तो हवेत तरंगत जातो. आपल्या सह्याद्रीच्या रानात उडणारी खार असते. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा, तो ताणून या झाडावरून त्या झाडावर जाणे, रात्री हिंडणे, दिवसा ढोलीत झोपणे, हे सारे दोघांचे सारखेच. पण नाते विचाराल तर काही नाही. खार ती खारच. हा मात्र कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या लाडवांएवढे. पण झेप जाते पन्नास मीटरपर्यंत. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी ही त्याची मायभूमी. निलगिरीच्या आणि बाभळीच्या जातीच्या झाडांना दातांनी खाचा पाडून रस आणि डिंक चाटायचा, फुलांतला मध प्यायचा, तोंडी लावायला किडे. आईच्या पोटात पिलू राहते ते अवघे सोळा दिवस. जन्मते तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे असते. पुढचे दोन महिने त्याचा मुक्काम आईच्या पिशवीत.

मला या प्राण्याचे कौतुक वाटते ते मात्र त्याच्या उडण्याचे नव्हे, त्याच्या एकत्र कुटुंबाचे. पाचसात जण एका ढोलीत एकमेकांच्या अंगावर पडून झोपतात. कर्ता नर आपल्या कपाळावरच्या ग्रंथीचा वास घरातल्या प्रत्येकाला चोळून ठेवतो. तो वास असला की आपला, नसला की परका. मागच्या पायाची दोन बोटे जुळलेली असतात, त्यांच्या फणीने अंग विंचरायचे आणि मग एकमेकांना चाटून स्वच्छ करायचे. आई तर आपली पिशवीही चाटूनच साफ ठेवते. अशा प्राण्याला एकटे ठेवले तर तो खंगतो. कधी कधी स्वतःचीच कातडी आणि शेपूट कुरतडून घेतो.

१९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत या प्राण्याला घरी पाळण्याची टूम निघाली. ऑस्ट्रेलिया आपले रानटी प्राणी असे विकायला बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे ही मंडळी आली ती इंडोनेशियाच्या वाटेने. अमेरिकेतल्या पाळीव ग्लायडरांचे मूळ न्यू गिनीच्या पश्चिम भागात असल्याचे २०१९ साली त्यांच्या आनुवंशिक तपासणीतून दिसून आले. कॅलिफोर्निया, अलास्का आणि हवाई या राज्यांनी त्यांना पाळायला बंदी घातली. इतरत्र मात्र ते दिवाणखान्यात पोचले, मालकाच्या खिशात बसून हिंडू लागले. आणि एक दुखणेही त्यांच्या पिंजऱ्यात दिसू लागले. चांगला खेळता प्राणी मलूल होतो, पातळ हगतो, शेपटीखालचे केस चिकटतात, वजन उतरते. दोन दिवसांनी दुसरा तसाच, मग तिसरा. कारणे अनेक असतात. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे जिआर्डिया नावाचा परोपजीवी. हाच आपला जुना डच पाहुणा.

हॉलंडातल्या डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. जन्म १६३२ सालचा. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नव्हता. सारे लिहिणे मायबोलीत. (मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या गृहस्थाविषयी जरा जास्तच जिव्हाळा वाटतो, हे वाचकांनी समजून घ्यावे.) मण्याएवढी भिंगे स्वतः घासून तो त्यांतून जे हाती लागेल ते पाही: पावसाचे पाणी, दातावरचे कीट, स्वतःचे रक्त. त्याला अधूनमधून पोट बिघडण्याची खोड होती. दुसरा कोणी असता तर सुंठ-साखर घेऊन पडून राहिला असता. याने आपली पातळ विष्ठाच भिंगाखाली धरली. ४ नोव्हेंबर १६८१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात तो निःसंकोचपणे सांगतो की, त्यात चिमुकले प्राणी दिसले, रक्ताच्या कणाच्या आसपास आकाराचे, रुंदीपेक्षा लांबी थोडी अधिक, पोट चपटे, आणि पुष्कळशा पायांनी फार गडबड करणारे. पण एवढी धडपड करूनही पुढे सरकत ते हळूच.

त्याला जे पाय वाटले ते पाय नव्हेत, चाबकासारखे आठ केस. उभ्या चिरलेल्या पेरूच्या फोडीसारखे अंग, सपाट बाजूला एक वाटी. त्या वाटीने हा जीव लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून बसतो. आत दोन केंद्रके असतात, ती दोन डोळ्यांसारखी दिसतात. चित्र पाहिले की कोणीतरी आपल्याकडेच टक लावून पाहते आहे असे वाटते. लेव्हेनहुकने पाहिला तो हाच जीव, हे ओळखायला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली. क्लिफर्ड डोबेल या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची पत्रे मुळातून वाचता यावीत म्हणून डच भाषा शिकून घेतली आणि १९३२ साली, त्याच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा, त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. असला अभ्यास पाहिला की आमच्या पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शिका घेऊन कुठे तोंड लपवावे असे होते.

मधल्या काळात, १८५९ साली, प्रागच्या मुलांच्या इस्पितळात व्हिलेम लाम्बल नावाच्या डॉक्टरला हगवण लागलेल्या पोरांच्या शेंबडासारख्या विष्ठेत हा जीव पुन्हा सापडला. योगायोग असा की, आज ज्याला क्रेफ्टचा ग्लायडर म्हणतात त्याचे शास्त्रीय नावही त्याच १८५९ सालचे. पाहुणा आणि यजमान यांच्या नोंदी एका वर्षी वेगवेगळ्या वह्यांत झाल्या. दोघांची गाठ पडायला अजून खूप अवकाश होता. पुढे १८८२ साली क्यून्स्टलरने बेडकाच्या पिलांत तसाच जीव पाहून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ झियार याच्या नावावरून ‘जिआर्डिया’ हे नाव ठेवले. बारशी मात्र थांबेनात. लाम्ब्लिया, डुओडेनॅलिस, इंटेस्टिनॅलिस! एकाच पोराला आजोळी एक नाव आणि घरी दुसरे, तशी गत; ती अजून पुरती मिटलेली नाही.

नावावरून वाद घालणाऱ्या मंडळींनी एका गोष्टीकडे मात्र फार काळ काणाडोळा केला. हा जीव निरुपद्रवी आहे, आतड्यात बिचारा भाडेकरूसारखा राहतो, असेच बहुतेकांचे मत होते. कारण पुष्कळ धडधाकट माणसांतही तो आढळे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणांगणावरून हगवणीने खंगलेले सैनिक परत आले, तेव्हा फँटम आणि पोर्टर यांनी त्यांच्या विष्ठेतले जिआर्डिया मांजराच्या पिलांना आणि उंदरांना दिले आणि ते आजारी पडतात असे १९१६ साली छापून दाखवले. माणसाचा जीव प्राण्यात जातो हे त्यात आलेच होते. पण लक्ष कोण देतो?

१९५४ साली रेंडटॉर्फ या अमेरिकन संशोधकाने तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना मोजून मोजून जिआर्डियाचे कोष गिळायला दिले. कोष म्हणजे या जीवाचा प्रवासी वेष. शरीराबाहेर पडताना तो अंगावर टणक कवच चढवून घेतो. थंड पाण्यात असा कोष आठवडेच्या आठवडे तग धरतो. किती कोषांनी लागण व्हावी? अवघ्या दहा. बाधा झालेला जीव दिवसाला कोट्यवधी कोष टाकू शकतो, आणि पुरतात दहा! या प्रयोगाची नीती आजच्या कसोटीला उतरायची नाही. पण तो आकडा विसरता येत नाही. मग १९६५-६६ च्या हिवाळ्यात कोलोरॅडोतल्या ॲस्पेन या गावी बर्फावर घसरायला आलेल्या शंभरावर हौशी पाहुण्यांना याच रोगाने गाठले. गटाराचे पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळले होते. १९७६ साली वॉशिंग्टन राज्यातल्या कॅमस गावी साथ आली, तेव्हा गावाला पाणी पुरवणाऱ्या ओढ्यावरचे बीव्हर पकडले, तर त्यांच्या आतड्यांत जिआर्डिया! १९७९ साली जागतिक आरोग्य संघटनेने माणसे आणि प्राणी यांच्यात ये-जा करणाऱ्या रोगांत त्याची गणना केली. निरुपद्रवी भाडेकरूचे सोंग उतरले, त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

पण बीव्हरला दोषी ठरवून माणसाला मोकळे होता येत नाही. जिआर्डियात पोटजाती आहेत. काही कुत्र्यांपुरत्या, काही गुरांपुरत्या. दोन मात्र माणसांत आणि पुष्कळ प्राण्यांत सारख्याच सुखाने नांदतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वेंडा नावाच्या पिशवीवाल्या प्राण्यात तर स्वतःचा निराळा जिआर्डिया आहे; २०१६ साली त्याला वेगळे नाव मिळाले. आणि रानातल्या प्राण्यांत जेव्हा माणसातली जात सापडते, तेव्हा ती माणसाकडूनच तिकडे गेली असण्याचा संभव फार. कोणी कोणाला दिले हे ठरवणे चाळीतल्या भांडणाइतकेच अवघड आहे.

आता पुन्हा पिंजऱ्याकडे वळू. रानात ग्लायडरचे कुटुंब एकाच ढोलीला धरून बसत नाही. ढोली बदलतात, विष्ठा खाली रानात पडते. पिंजऱ्यात तळ तोच, वाटी तीच, झोपायची कापडी पिशवी तीच. ज्या चाटण्याने ही मंडळी एकमेकांची माया करतात, त्याच चाटण्याने केसांना चिकटलेला कोष तोंडात जातो. म्हणून एक आजारी पडला की एकालाच औषध देऊन भागत नाही. वरवर ठणठणीत दिसणारा भाऊ कोष टाकतच असतो. बरे, आजाऱ्याला वेगळे काढावे, तर एकटेपणाने तो खाणे सोडतो. तेव्हा जाणते पशुवैद्य साऱ्या कुटुंबाला एकदमच औषध देतात. एकत्र कुटुंबाचा रोग, एकत्र कुटुंबाचा उपचार.

औषधाचीही एक हकिकत आहे. १९३० नंतरच्या दशकात मलेरियासाठी निघालेली एक पिवळी गोळी यावर चाले. ती घेणाऱ्याची कातडी पिवळी होई. मग जपानमध्ये मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून मिळालेल्या द्रव्याचा धागा धरून फ्रान्सच्या रसायनतज्ज्ञांनी मेट्रोनिडॅझोल तयार केले. १९६० च्या सुमारास ते बाजारात आले. आपल्याकडे ज्या घरात या औषधाची उरलेली अर्धी गोळी डब्यात पडलेली नाही असे घर विरळा. नेमका इथेच मला धाक वाटतो. साठ किलोचा माणूस आणि शंभर ग्रॅमचा ग्लायडर, म्हणजे सहाशेपट फरक. त्रैराशिक मांडून गोळीचा कण चुरून द्यावा असे कोणाच्याही मनात येईल. पण औषधाचे प्रमाण नुसत्या त्रैराशिकाने निघत नाही, आणि हे औषध जास्त झाले तर कुत्र्यामांजरांचासुद्धा तोल जातो, झटके येतात. शिवाय ते विलक्षण कडू. गोडाला सोकावलेला हा जीव ते चाखतो आणि मग अन्नालाच पाठ फिरवतो. त्यामुळे काही पशुवैद्य फेनबेंडॅझोल पसंत करतात. ते १९७० नंतरच्या दशकात जनावरांच्या जंतांसाठी निघाले. शाळेत आम्ही वर्षातून दोनदा पोरांना जंतांची गोळी देतो, ती याच घराण्यातली. पण तिथे जंतांना एक गोळी पुरते. जिआर्डिया हा जंत नव्हे, एकपेशीय जीव आहे. त्याला काही दिवस सलग औषध लागते. आणि एवढ्याशा देहातले पाणी एकदोन दिवसांच्या हगवणीने आटते, तेव्हा औषधाआधीसुद्धा पाण्याची काळजी. ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा उद्या बघायला काही उरत नाही.

तपासणीतही एक मेख आहे. कोष रोज पडत नाहीत. आज विष्ठा तपासली, काही दिसले नाही, म्हणून निश्चिंत व्हावे तर परवा पुन्हा हजर. म्हणून निरनिराळ्या तीन दिवसांचे नमुने पाहतात. जस्ताच्या सल्फेटचे दाट पाणी करून त्यात विष्ठा ढवळली की हलके कोष वर तरंगून येतात. ही युक्ती १९३८ सालची, आणि आज नवी यंत्रे आली तरी ती वापरात आहे.

आणि औषध चालू असताना इकडे पिंजऱ्याची दिवाळी. लाकडी खोका, फांद्या आणि दोऱ्या टाकून द्यायच्या, कारण त्यांच्या भेगांत ओल धरते. कापडी पिशव्या उकळत्या पाण्यात घालायच्या. वाट्या रोज घासायच्या, पिंजऱ्याच्या गजागजावरून कढत पाणी घालून उन्हात खडखडीत वाळवायचे. कोषाला थंडी मानवते, पण उष्णता आणि कोरडेपणा सोसत नाही. विष्ठा दिसताक्षणी उचलायची. घरातल्या मुलांनी त्या दिवसांत प्राण्याला तोंडाजवळ नेऊ नये आणि हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत. औषध संपल्यावर काही दिवसांनी पुन्हा तपासणी करायची, आणि तीत कोष दिसले नाहीत की धुऊन वाळवलेली पिशवी पिंजऱ्यात परत टांगायची. कर्ता नर आधी आत शिरतो, नव्या कापडाला कपाळ घासघासून आपला वास लावतो, आणि मग बाकीची मंडळी एकमेकांच्या अंगावर चढून झोपायला जातात.