पटावरची जनावरे

पटावरच्या खेळात जनावर आले की त्याच्या चालीवरून खेळणाऱ्या समाजाचे त्या जनावराशी असलेले नाते कळते. महाराष्ट्राच्या जुन्या पटांवर हत्ती-घोडे लढाईला उभे राहतात, साप सोंगटीला खाली आणतो, वाघ शेळ्या उचलतो. जनावरासाठी आवार बांधायचे, त्याच्या चाऱ्यापाण्याचा खर्च करायचा आणि तिकीट लावून ते लोकांना दाखवायचे, असा खेळ मात्र या परंपरेत नव्हता. प्राणिसंग्रहालय उभारण्याचा आणि चालवण्याचा पटखेळ युरोपात तयार झाला आणि एकविसाव्या शतकात नावारूपाला आला. लढाऊ हत्तीपासून प्रदर्शनातल्या जनावरापर्यंतच्या या प्रवासातले जुने टप्पे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात एकेक करून भेटतात.

पहिला टप्पा बुद्धिबळाचा. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून भारतात चतुरंगाची मांडणी झाली. मराठी पटावर रथ उरला नाही. कोपऱ्यात हत्ती, त्याच्या शेजारी घोडा आणि पुढे उंट अशी रांग रूढ झाली. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेल्या अहमदनगरात हा खेळ दरबारी होता. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिल्हा गॅझेटिअरात फराहबागेच्या वर्णनात त्याचा उल्लेख येतो. पहिला मूर्तझा निजामशहा (कारकीर्द १५६५ ते १५८८) शहराबाहेरच्या या जलमहालात दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळायला येत असे. त्याने या गवयाला फतेहशहा हे नाव दिले आणि त्याच्यासाठी त्याच बागेत लाकडी महाल बांधून दिला. मूर्तझाचा बाप हुसेन निजामशहा १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरविरुद्ध उतरला होता. त्या लढाईत दोन्ही बाजूंना हत्ती होते. अशा दरबारात पटावरच्या हत्तीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

पेशवाईच्या अखेरच्या काळात देशी बुद्धिबळाचे नियम ग्रंथबद्ध झाले. त्रिवेंगडाचार्यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. देशी पद्धतीत शेवटच्या घरात पोचलेले प्यादे खेळाडूला हवे ते मोहरे होत नसे. ज्याच्या पट्टीतून ते गेले, त्याचेच रूप त्याला मिळे. हत्तीच्या पट्टीतले प्यादे हत्ती होई, घोड्याच्या पट्टीतले घोडा. म्हणजे जनावर ही इथे सैन्यातली पदवी होती. त्याला भूक नव्हती, निवारा नव्हता, पिल्ले नव्हती. सरळ किंवा अडीच घर चालण्याची ताकद एवढीच त्याची ओळख.

दुसरा टप्पा मोक्षपटाचा. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सांगितली, आणि ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो पैस खांब आजही तिथे दाखवला जातो. सापशिडीचे मूळ असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनीच मुलांसाठी तयार केला, असे महाराष्ट्रात परंपरेने मानले जाते. आज उपलब्ध असलेले या जातीचे पट मात्र बहुतांशी अठराव्या शतकातले आणि त्यानंतरचे आहेत. उत्तर व पश्चिम भारतात हाच खेळ ज्ञानचौपड म्हणून प्रसिद्ध होता. वैष्णवांचे पट बहुधा ७२ घरांचे आणि जैनांचे ८४ घरांचे असत. पुण्यात रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले मोक्षपट हस्तलिखितांचे अभ्यासक वा. ल. मंजूळ यांच्यामुळे उजेडात आले, आणि डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसेन यांनी पश्चिम भारतातील या खेळावर प्रबंध लिहिला.

मोक्षपटाच्या घरांत गुण-दोषांची आणि वैकुंठासारख्या लोकांची नावे लिहिलेली असतात. खेळाडू कवड्या टाकून जन्माच्या घरातून निघतो आणि वैकुंठाकडे चढत जातो. सद्‍गुणाच्या घराशी शिडी, दुर्गुणाच्या घराशी सापाचे तोंड. इथल्या सापाला स्वतःची चाल नाही. तो पटावर रंगवलेला असतो आणि क्रोध, लोभ, मत्सर यांचे फळ देण्याचे काम करतो. बुद्धिबळात जनावर खेळाडूच्या हाताखाली होते. मोक्षपटात खेळाडूच जनावराच्या तावडीत सापडतो. हा खेळ इंग्लंडला गेल्यावर १८९० च्या दशकात तिथे त्याच्या छापील आवृत्त्या निघू लागल्या. घरांतली नीतीची नावे हळूहळू गळाली आणि उरली ती निव्वळ शर्यत. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ मध्ये काढलेल्या आवृत्तीत सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या.

तिसरा टप्पा दरबार आणि मठ यांच्या बाहेरचा. वाघबकरीच्या खेळाला कापडी पट लागत नाही, फासे लागत नाहीत. ओट्यावर कोळशाने किंवा जमिनीवर काडीने रेघा ओढल्या की पट तयार. वाघ म्हणून दोन-चार मोठे खडे आणि शेळ्या म्हणून चिंचोके चालतात. महाराष्ट्रातली देवळे, लेणी आणि किल्ले यांच्या फरशांवर पटखेळांच्या रेघा आणि खळगे कोरलेले आढळतात. वाघबकरीचा पट प्रांताप्रांताला बदलतो. नेपाळात २५ बिंदूंचा चौकोनी पट, ४ वाघ आणि २० शेळ्या अशी मांडणी पक्की झालेली आहे. तामिळनाडूत त्रिकोणी पटावर ३ वाघ आणि १५ शेळ्या घेतात. मूळ तत्त्व सगळीकडे एकच: दोन्ही पक्षांची संख्या सारखी नाही आणि उद्दिष्टही सारखे नाही.

चौकोनी पटावर डाव असा चालतो. चार वाघ चार कोपऱ्यांत बसतात. शेळ्यांचा खेळाडू दर पाळीला एक चिंचोका रिकाम्या बिंदूवर ठेवतो. सगळ्या शेळ्या मांडून होईपर्यंत मांडलेली शेळी हलवता येत नाही. वाघ पहिल्या पाळीपासून मोकळा असतो. रेघेवरून तो एक घर सरकतो, किंवा शेजारच्या शेळीच्या पलीकडचा बिंदू मोकळा असेल तर तिच्यावरून उडी मारून तिला उचलतो. म्हणून एकटी शेळी ठेवणे म्हणजे ती देऊन टाकणे. जाणता खेळाडू आधी कडेच्या रेघा भरतो आणि एका शेळीच्या पाठीशी दुसरी उभी करतो. उडीची जागाच उरली नाही की वाघ निरुपाय होतो. चारही वाघांना हलता येईनासे झाले की शेळ्या जिंकतात. वाघ इथे मरत नाही, त्याची कोंडी होते.

हा खेळ जिल्ह्यातल्या जगण्याला जवळचा आहे. १७ हजार चौरस किलोमीटरहून मोठा असलेला हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. कर्जत, जामखेड, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांत धनगरांची मेंढपाळी चालत आली आहे; अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यातच आहे. दूध आणि मांस या दोन्हींसाठी पाळली जाणारी संगमनेरी शेळी ही मान्यताप्राप्त जात जिल्ह्यातल्याच संगमनेरच्या नावाने ओळखली जाते. माळावर कळपामागे लांडगा, पश्चिमेच्या डोंगरात बिबट्या. अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुराढोरांचे रक्षण मागितले जाते. वाघाला संपवायचे नाही, त्याला त्याच्या हद्दीत ठेवायचे, ही या पूजेतली भूमिका वाघबकरीच्या निकालाशी मिळतीजुळती आहे.

बंदिस्त जनावरे पाहण्याची हौस महाराष्ट्रात प्राणिसंग्रहालयाच्या खेळापेक्षा जुनी आहे, पण ती राजेरजवाड्यांची होती. सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी होता. तिथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या चित्रकाराने १७९० च्या सुमारास काढले. तांबट हे इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करत. मुंबईत १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग लोकांना खुली झाली आणि पुढे तिथे प्राणिसंग्रहालय आले. पुण्यात १९५३ मध्ये पेशवे पार्क सुरू झाले, तेही पर्वतीच्याच पायथ्याशी. १९९९ मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडल्यावर इथली जनावरे तिकडे हलवण्यात आली. शिकारखान्यातला प्राणी धन्याचे वैभव दाखवी, राणीच्या बागेतला सहलीला आलेल्या कुटुंबांची करमणूक करी.

युरोपातल्या पटांवर परदेशी जनावरे आधी चित्रे म्हणून आली. लंडनला विल्यम डार्टनने १८२२ मध्ये हत्तीच्या आकाराचा एक पट छापला. त्यावरून सोंगटी आशियाची सफर करी. लंडनची प्राणिबाग १८२८ मध्ये सुरू झाली. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत प्राण्यांच्या चित्रांचे असंख्य खेळ निघाले, तरी ते बहुतेक शर्यतीचे किंवा जोड्या लावण्याचे होते. व्यवस्था चालवण्याचा खेळ घरोघर रुजला तो मोनोपोलीमुळे. मराठी घरांत तो भारतीय शहरांची नावे घेऊन ‘व्यापार’ म्हणून पोचला. जागा घ्यायची, इमारती बांधायच्या, दुसऱ्याकडून भाडे घ्यायचे, ही सवय त्याने लावली. प्राणिसंग्रहालयाच्या पटखेळाला पाया मिळाला तो अशाच खेळांतून. २००१ मध्ये आलेल्या ‘झू टायकून’ या संगणक खेळाने हा विषय जगभर पोचवला, आणि २००२ मध्ये नेदरलँड्सच्या कॉर्ने व्हान मूर्सेलचा ‘ओ झू ले मियो’ हा लिलावाचा पटखेळ आला.

या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली ‘झूलोरेटो’ने. मिखाएल शाख्टच्या या खेळाला २००७ चा ‘श्पील देस यारेस’ हा जर्मनीचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. प्रत्येक खेळाडूपुढे मोजकी आवारे असतात आणि एका आवारात एकाच जातीची जनावरे ठेवता येतात. हत्ती, उंट, बिबट्या, झेब्रा, पांडा अशा आठ जाती. खेळाडू पाळीपाळीने चकत्या उलटून सामाईक गाड्यांवर चढवतात आणि मग एक गाडी भरलेली आहे तशी घरी नेतात. नको असलेले जनावर आले तर ते कोठारात जाते, आणि कोठारातल्या प्रत्येक जातीमागे दोन गुण कापले जातात. जोडी जुळली तर पिल्लू होते, म्हणजे आणखी एक जागा हवी. आवार वाढवायचे तर नाणी मोजावी लागतात. बुद्धिबळातल्या हत्तीकडे ताकद होती; इथल्या हत्तीला जागा लागते, आणि सगळा खेळ जागेच्या चणचणीवर उभा आहे.

पुढच्या खेळांनी हिशेब वाढवला. ऊवे रोझेनबर्गच्या २०२० च्या ‘न्यू यॉर्क झू’मध्ये वेगवेगळ्या आकारांचे तुकडे बसवून बाग भरायची असते. माथियास विगेच्या २०२१ च्या ‘आर्क नोव्हा’मध्ये प्रत्येक प्राण्याच्या पत्त्यावर त्याला लागणारे आवार, त्याचा खंड आणि त्याची जात दिलेली असते, काहींना पाण्याशेजारची किंवा खडकाशेजारची जागा लागते. गुण दोन प्रकारचे: प्रेक्षकांना वाटणारे आकर्षण आणि संवर्धनाचे काम. दोन्हींच्या सोंगट्या एकाच मार्गावर विरुद्ध टोकांनी निघतात आणि एखाद्या खेळाडूच्या दोन्ही सोंगट्यांची गाठ पडली की डावाची अखेर ठरते. आकर्षणाने पैसा येतो, पण केवळ गर्दी जमवून जिंकणे अवघड जाते. विद्यापीठांशी आणि परदेशी बागांशी करार करता येतात. काही प्रकल्पांत प्राणी जंगलात परत सोडला तर आकर्षण घटते आणि संवर्धनाचे गुण वाढतात. जनावर गमावून लाभ होण्याचा हा नियम जुन्या कुठल्याच पटावर नव्हता.

हा नियम प्राणिसंग्रहालयांच्या बदललेल्या कामातून आला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याची मान्यता असल्याशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येईनासे झाले. आवाराचा आकार, पशुवैद्य, धोक्यात आलेल्या जातींची पैदास या बाबी नियमांत आल्या. त्याच सुमाराच्या दशकांत जिल्ह्यात जनावर जागच्या जागी राखण्याची व्यवस्था उभी राहिली. माळढोक अभयारण्यात (१९७९) सोलापूरबरोबर या जिल्ह्याचाही भाग आला. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये काळविटांसाठी राखले गेले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. अकोले तालुक्यात १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले.

अकोल्याच्या सखल भागात मात्र ना पिंजरा ना अभयारण्य. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या ऊसपट्ट्यात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या शिवारात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस असल्याचे त्यात आढळले. शेजारच्या जुन्नर भागात पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्याने माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, हे अत्रेय यांनी आधीच दाखवले होते. जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. त्याचे काम प्राणिसंग्रहालयाच्या खेळातल्या कोठारासारखे तात्पुरते नाही. जंगलात सोडता न येणारे बिबटे तिथे आयुष्यभर सांभाळावे लागतात.

प्राणिसंग्रहालयाच्या आजच्या पटखेळांत खर्च, जागा, पैदास आणि संवर्धन एवढे हिशेब बसले आहेत. आवाराबाहेर, उसाच्या फडात राहणाऱ्या जनावरासाठी त्यांत घर नाही. शेळी आणि वाघ एकाच रेघेवर मोकळे असण्याची मांडणी अजून वाघबकरीच्याच पटावर आहे.