घेरा राजगड

इ. स. २०२५ च्या जुलै महिन्याच्या ११ व्या दिवशीं, पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनांत, मराठ्यांच्या बारा दुर्गांची मालिका जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाली. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत असून बारावा जिंजी तामिळनाडूंत आहे. या अकरांत राजगड आहे. त्याच्या समोरचा तोरणा नाहीं. त्याच वर्षीं वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव मिळालें. या दोन गोष्टींमुळें गुंजण मावळाकडे प्रवाशांचा ओघ वाढणार हें उघड आहे, व त्या ओघानें भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखास चार पैसे मिळावे अशी अपेक्षा बाळगण्यांत कांहीं वावगें नाहीं. तथापि प्रवाशांची सोय कोठें व किती करावी याविषयीं जी चर्चा चालते, तींत एका जुन्या शब्दाचें विस्मरण झालेलें आम्हांस दिसतें. तो शब्द म्हणजे ‘घेरा’.

गडाच्या पायथ्याची, गडाच्या चाकरीशीं बांधलेली जमीन व वस्ती तिला घेरा म्हणत. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर हीं गांवांचीं नांवें महसुली कागदांत अद्यापि नांदत आहेत. गडावर शिबंदी थोडी; तिचें धान्य, गवत, लांकूड आणि वाटांवरची राखण हीं सर्व घेऱ्याच्या बळावर. घेऱ्यावांचून गड म्हणजे केवळ डोंगर होय. वारसा समितीच्या आधुनिक परिभाषेंत स्मारकाभोंवतीं जो ‘बफर झोन’ आंखतात, तो आमच्या मतें याच कल्पनेचा नवा अवतार आहे. भेद इतकाच कीं, नव्या परिघांत काय करूं नये हें आधीं सांगतात, जुन्या घेऱ्यांत कोणीं काय करावें हें ठरलेलें असे.

रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र (इ. स. १७१५ च्या सुमाराचें) वाचकांच्या नित्य परिचयाचें आहे. त्यांतील दुर्गप्रकरण राजनीतीचा ग्रंथ म्हणून आपण वाचतों. आम्हीं तें अलीकडे यात्रेच्या व्यवस्थेचा ग्रंथ म्हणून पुन्हां वाचलें. गड बांधण्यापूर्वीं पाणी पाहावें. नसेल आणि स्थळ तर आवश्यक असेल, तर खडक फोडून टांकीं करावीं. एका झऱ्यावर विसंबूं नये, कारण भांडत्या समयीं तोफांच्या आवाजानें झरे आटतात. सबब जादा टांकीं राखून ठेवावीं. वाट फार सुगम असेल तर ती मोडावी. गडावरील झाडें जतन करावीं. आणि केरकचऱ्याविषयीं तर असें कीं, तो वाटेवर, बाजारांत, तटाजवळ पडूं न द्यावा, गडाखालींही न टाकतां जागच्या जागीं जाळावा व त्याची राख परसांतील भाजीपाल्यास घालावी. इतकें सूक्ष्म लिहिणारा पुरुष स्वराज्याचा अमात्य होता हें ध्यानांत घ्यावें.

मागें एकदां मार्गशीर्षांतल्या रविवारीं आम्ही जुन्या विद्यार्थ्यांसह चोरदरवाजानें राजगडीं चढलों. पद्मावती माचीवर माणसांची एवढी दाटी कीं, दरवाजाशीं अर्धा घटका थांबावें लागलें. टांक्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. दुर् पूर्वक गम् धातूपासून दुर्ग शब्द सिद्ध होतो. जेथें जाणें कष्टाचें तो दुर्ग. हें व्याकरण शिष्यांस सांगण्यास ती जागा कांहीं बरी नव्हती. रायगडास १९९६ पासून रज्जुमार्ग आहे व वृद्धांस त्याचा उपकार होतो, हें आम्ही आमच्या गुडघ्यांच्या साक्षीनें मान्य करतों. परंतु गडावर किती माणूस चढवावें याचें माप रज्जुमार्गाच्या डब्यांवरून घेऊं नये, वैशाखांत टांक्यांत उरणाऱ्या पाण्यावरून घ्यावें. मुक्काम, भोजन, वाहनतळ हीं पाल, गुंजवणें, भुतोंडें अशा पायथ्याच्या गांवीं असावीं, म्हणजे पैसाही तेथेंच राहील. या खोऱ्यांचा अनुभव याहून निराळा आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथें १९२८ सालीं लॉइड धरण पुरें झालें. त्याचें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणाकडे गेलें व तिकडे ऊंस पिकला. मावळानें जमीन दिली. शनिवारीं येऊन रविवारीं जाणारा प्रवासी हा दुसरा कालवा होऊं नये.

गांवचे तरुण वाटाडे होत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यांस काय शिकवावें हा मात्र प्रश्न आहे. रायरेश्वरीं शिवरायांनीं शपथ घेतली असें प्रवाशांस सांगण्यांत येतें. त्या हकीकतीशीं जोडलेलें दादाजी नरस प्रभूंच्या नांवचें १६४५ चें पत्र अस्सल कीं बनावट याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत, हें कोणी सांगत नाहीं. श्रद्धेचा भंग करा असें आमचें म्हणणें नाहीं. आधार कोणता व तो कितपत पक्का, एवढें पाटीवर असावें.

कारण या मुलखाचा खरा ठेवा तटांइतकाच दप्तरांत आहे. भोर तालुक्यांतील कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तींत शिवजन्माची तिथि फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी मिळाली. पुष्कळ वादानंतर शासनानें ती २००१ सालीं स्वीकारली. ही तिथि कोणत्याही गडाच्या दगडावर कोरलेली नव्हती. घेऱ्यांतल्या एका वाड्यांत ती कागदावर राहिली होती.

गुंजण मावळांतील एका घरीं मोडी कागदांचे सात रुमाल माळ्यावर आम्हीं स्वतः पाहिले होते. चुलीच्या धुरानें त्यांस कसर लागलेली नव्हती. नकला घेण्यास पुढील वर्षीं येतों असें सांगून आलों, आणि प्रकृतीमुळें तीन वर्षें गेलों नाहीं. हा दोष आमचा. गेलों तेव्हां वाड्याच्या जागीं प्रवाशांसाठीं पांच खोल्या उभ्या होत्या, स्वच्छ व हवेशीर. त्यांवर त्या घरचीं दोन मुलें शिकत आहेत, म्हणून वाडा पाडल्याबद्दल बोलण्यास आमची जीभ उचलेना. यजमान म्हणाले, “गुरुजी, माळा उतरवला तेव्हां सगळं पोत्यांत भरलं. पोतं कुठं गेलं ते आठवत नाहीं.” मग त्यांच्या आई आंत जाऊन देवघरांतून एक रुमाल घेऊन आल्या. हा तेवढा देवापाशीं होता म्हणून राहिला, असें त्या म्हणाल्या. पावसानें एकमेकांस चिकटलेले त्यांतील बंद सोडविण्याचें काम सध्यां चालू आहे.