वर्ख आणि मलम

गेल्या ईदला शेजारच्या खालांच्या हातावर शीरखुर्म्याचं उकळतं दूध सांडलं. घरात एकच गोंधळ. कुणी टूथपेस्ट आणली. एका बुजुर्गांनी तर मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावायला सांगितला, "चांदी थंड असते." मी खालांचा हात नळाखाली धरायला लावला. दवाखान्यातून त्या पांढऱ्या मलमाची ट्यूब घेऊन आल्या. तिच्यावर लिहिलं होतं, सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का. बुजुर्ग खूश झाले. "बघा मास्तर, शेवटी चांदीच निघाली ना!"

निघाली खरी. पण वर्खातली चांदी वेगळी आणि ट्यूबमधली वेगळी.

चांदीचे क्षार जंतू मारतात, हे जुनंच. जर्मनीत लाइपझिगला क्रेडे नावाच्या डॉक्टरने १८८०च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि कितीतरी बाळांचं आंधळेपण टळलं. १९६५ मध्ये अमेरिकेत मोयर यांनी हेच द्रावण अर्धा टक्का करून भाजलेल्यांसाठी वापरलं. गुण आला, पण चादरी, कातडी, नर्सचे हात सगळं काळं पडायचं. शिवाय रुग्णाच्या अंगातलं मीठ कमी व्हायचं.

दुसरा धागा रंगाच्या कारखान्यातला. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत रंग आणि औषधं शेजारी शेजारी बनतात. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे अब्बा तिथेच पाळीला जातात, त्यामुळे त्यांना याचं नवल वाटत नाही. जर्मनीत बायर कंपनीत डोमाक यांनी एका लाल रंगद्रव्याने उंदरांमधला जंतुसंसर्ग बरा केला. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये कळलं की गुण रंगाचा नाही, त्यातून सुटणाऱ्या रंगहीन सल्फाचा आहे. ही लाट मुंबईतही आली. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी आणि डॉ. दीक्षित (पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक) यांनी १९४०च्या आसपास प्लेगवर सल्फाथायाझोल वापरून पाहिलं. ज्या प्लेगने मुंबई रिकामी केली होती, त्यावर गोळी चालली. शाळेच्या पुस्तकात हे का नसतं, मला कळत नाही.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चार्ल्स फॉक्स यांनी हे दोन धागे बांधले: सल्फाडायझिनच्या रेणूला चांदी जोडली. हे संयुग पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून चांदी जखमेवर हळूहळू सुटत राहते. ती जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटते, तर सल्फा त्याचं फॉलिक अॅसिड बनवणं अडवतं. भाजलेल्या वॉर्डातल्या स्यूडोमोनास या चिवट जंतूवरही हे चाललं. वर्खाचं तसं नाही. तो निव्वळ धातूचा पत्रा, आणि उघड्या जखमेवर घरातला वर्ख म्हणजे बाहेरची घाणही.

पण या मलमाचीही आरती ओवाळायला नको. किरकोळ भाजल्यावर ते जखम भरायला उशीर लावतं असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना आणि नवजात बाळांना तर ते देतच नाहीत.

आणि धातू जोडला की औषध वाढतंच असंही नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा टेट्रासायक्लिन दुधासोबत घेतलं तर दुधातलं कॅल्शियम त्याला पोटातच पकडतं आणि ते रक्तात कमी उतरतं. लोहाच्या आणि अॅसिडिटीच्या गोळ्यांचंही तेच. रमजानमध्ये सहरीला दुधाचा पेला आणि त्यावर अँटिबायोटिकची गोळी, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

बुजुर्गांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि मग खिशातून एक पुडी काढली. गुडघ्यांसाठी कुश्ता, कुणा ओळखीच्याने दिलेला. त्यात कोणता धातू आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. देणाऱ्यानेही सांगितलं नव्हतं. पारा किंवा शिसं असेल तर मूत्रपिंडावर बेतेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पुडी घेऊन आम्ही दोघं दवाखान्यात गेलो.