प्रतिकृती रेल्वे

खऱ्या रेल्वेतील एंजिने, प्रवासी डबे, वाघिणी, रूळ, सांधे, सिग्नल, स्थानके व मार्गालगतचा भूप्रदेश यांच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या आणि बहुधा चालत्या प्रतिकृती तयार करणे, त्यांची एका मांडणीत जुळणी करणे व ती मांडणी इतरांना दाखविणे, या सर्वांचा समावेश ‘प्रतिकृती रेल्वे’ या संज्ञेत होतो. खेळण्यातील आगगाडी ही तिची पूर्वज असली, तरी दोहोंत भेद आहे. खेळण्यातील गाडी चालली की पुरे असते. प्रतिकृती ही कशाची तरी असावी लागते व त्या मुळाशी तिची तुलना करता यावी लागते.

मात्र रेल्वेसारखी गोष्ट सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात लहान करता येत नाही. आज सर्वांत प्रचलित असलेल्या १:८७ या प्रमाणात लांबी ८७ पटींनी घटते. पण घनफळ व त्याबरोबर वजन सु. ६,५८,५०० पटींनी घटते. त्यामुळे २० टन वजनाची रिकामी वाघीण प्रतिकृतीत अवघी ३० ग्रॅमची होईल आणि सांध्यावरील पहिल्याच धक्क्याला रुळांवरून घसरेल. खऱ्या मार्गावरील ३०० मी. त्रिज्येचे वळण या प्रमाणात सु. ३.४५ मी. त्रिज्येचे होते, घरातील मेजावर मात्र ४५ ते ६० सेंमी. त्रिज्येवरच भागवावे लागते. एकमेकांपासून १० किमी. दूर असलेली दोन स्थानके दाखवावयाची, तर ११५ मी. लांबीची खोली कोणाच्या घरी असणार? काळ तर लहान करता येतच नाही. म्हणून प्रत्येक मांडणी अनेक तडजोडींची बनलेली असते आणि या छंदाचा इतिहास हा मुख्यतः कोणती तडजोड कोणी व कशासाठी पत्करली याचा इतिहास आहे.

प्रारंभ : प्रतिकृती ही रेल्वेच्याही आधीची आहे, असे एका अर्थी म्हणता येते. विल्यम मर्डॉक या अभियंत्याने १७८४ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे वाफेवर चालणाऱ्या गाडीची लहान प्रतिकृती बनविली होती. तीत पाहिलेली कल्पना मोठ्या आकारात प्रत्यक्षात येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. रेल्वेचा प्रसार झाल्यावर इंग्लंडमध्ये लहान पितळी एंजिने विकली जाऊ लागली. त्यांत स्पिरिटच्या दिव्यावर वाफ तयार होई. ही एंजिने रुळांवाचून जमिनीवरच धावत आणि मागे पाण्याचा ओघळ सोडीत. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने १८५९ मध्ये आपल्या मुलासाठी सँ-क्लू येथील प्रासादाच्या उद्यानात रूळ टाकून प्रतिकृती रेल्वे उभारली होती. अर्थात हा राजघराण्याचा शौक होता. सामान्यांच्या घरात आगगाडी आणली ती जर्मनीतील पत्र्याची खेळणी बनविणाऱ्या कारागिरांनी.

ग्यपिंगेन येथील मेर्कलिन या कारखान्याचा आरंभ १८५९ मध्ये बाहुल्यांच्या घरातील भांडीकुंडी बनविण्यापासून झाला. बाहुलीचे घर एकदा घेतले की त्यात भर घालण्यासाठी पुन:पुन्हा खरेदी होते, हा अनुभव या कारखान्याने आगगाडीला लावला. १८९१ च्या लाइपसिक जत्रेत त्याने किल्लीच्या गाडीबरोबर सुटे रूळ, सांधे व इतर सामग्री मांडली आणि रुळांमधील अंतरांना, म्हणजे गेजना, क्रमांक दिले. पुढे १ क्रमांकाचे गेज ४५ मिमी. व त्याहून लहान असे शून्य क्रमांकाचे गेज ३२ मिमी. या मापांवर स्थिर झाले. आज साधी वाटणारी ही कल्पना वस्तुतः निर्णायक ठरली. तिच्यामुळे गाडी ही एकदाच घेण्याची वस्तू न राहता वाढत जाणारी योजना झाली. तसेच एका कारखान्याचा डबा दुसऱ्याच्या रुळांवर चालण्याची शक्यताही निर्माण झाली.

गेज व प्रमाण : पहिल्या महायुद्धानंतर घरे लहान झाली आणि जमिनीवर पसरणारी ३२ मिमी. गेजची गाडी अनेकांना अवजड वाटू लागली. न्यूरेंबर्ग येथील बिंग या कारखान्याने नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या प्रतिकृती विक्रेत्यासाठी १९२२ मध्ये मेजावर मावणारी रेल्वे तयार केली. जागतिक मंदीत बिंगचा कारखाना बुडाला. तथापि त्या घराण्यातील श्टेफान बिंग याचा ज्या ट्रिक्स या उद्योगाशी संबंध होता, त्याने व मेर्कलिनने १९३५ मध्ये विजेवर चालणाऱ्या १६.५ मिमी. गेजच्या गाड्या बाजारात आणल्या. श्टेफान बिंग हा ज्यू होता. नाझी राजवटीत त्याला आपला व्यवसाय सोडून इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. त्याच्या हयातीत रूढ झालेले गेज मात्र पुढे जगभर प्रमाण मानले गेले.

१६.५ मिमी. हे जवळजवळ शून्य गेजच्या निम्मे असल्याने जर्मनीत त्याला ‘अर्धे शून्य’ या अर्थाचे एच-झीरो हे नाव मिळाले. १४३५ मिमी.च्या प्रमाण गेजशी ते १:८७ या प्रमाणात नेमके जुळते. इंग्लंडमध्ये मात्र अडचण उद्भवली. तेथील खरी एंजिने यूरोप-अमेरिकेतील एंजिनांहून अरुंद व बुटकी असतात आणि त्या वेळची विद्युत् चलित्रे त्यांच्या १:८७ आकारातील सांगाड्यात मावत नव्हती. त्यावर असा तोडगा काढण्यात आला, की वरचा सांगाडा १:७६ या मोठ्या प्रमाणात करावा व रूळ मात्र १६.५ मिमी.चेच ठेवावेत. १९३८ मध्ये आलेल्या हॉर्न्बी डब्लो या लोकप्रिय गाडीने हाच तोडगा घरोघर पोहोचविला. परिणामी ब्रिटिश प्रतिकृती आजही खऱ्या मापात सु. १८ सेंमी.ने अरुंद ठरणाऱ्या रुळांवर उभी असते. समोरून पाहिल्यास पाय जुळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी ती दिसते.

ही विसंगती काहींना अखेरपर्यंत सहन झाली नाही. त्यांनी आधी १८ मिमी.च्या आसपासचे गेज स्वीकारले व १९६० नंतरच्या दशकात गणिताने येणारे नेमके १८.८३ मिमी. गेज आणि त्याला साजेशी बारीक कडांची चाके प्रचारात आणली. असे रूळ व चाके बहुतांशी हाताने तयार करावी लागत. सूक्ष्म मापांच्या या आग्रहाची पुष्कळ थट्टाही झाली. परंतु बाजारातील तयार रूळ व चाके पुढील काळात अधिक रेखीव झाली याचे श्रेय या अल्पसंख्य आग्रही मंडळींना द्यावे लागेल.

अमेरिका : न्यूयॉर्क येथे जोशुआ लायोनेल कोएन याने १९०० मध्ये स्थापन केलेल्या लायोनेल या कंपनीची पहिली विजेची गाडी दुकानाच्या दर्शनी काचेमागे ठेवण्यासाठी होती. गिऱ्हाइके आतील मालाऐवजी गाडीच विकत मागू लागली, असे सांगितले जाते. नाताळच्या झाडाभोवती फिरणारी गाडी ही पुढे अमेरिकन घराची ओळख झाली. तथापि प्रौढांचा छंद म्हणून प्रतिकृती रेल्वे तेथे रुजली ती मंदीच्या काळात. मिलवॉकी येथे १९३४ मध्ये मॉडेल रेलरोडर हे मासिक सुरू झाले व १९३५ मध्ये त्याच शहरात प्रतिकृतिकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यांच्यापुढील पहिला प्रश्न मानकांचा होता, कारण एकाची चाके दुसऱ्याच्या सांध्यावर घसरत. संघटनेने चाके, रूळ व सांधे यांची मापे ठरवून दिली. डब्याचे वजन किती असावे यासंबंधीची तिची शिफारसही उद्बोधक आहे. १:८७ प्रमाणात मूळ १ औंस व लांबीच्या दर इंचास अर्धा औंस असे ते सूत्र आहे. त्यानुसार सु. १४ सेंमी. लांबीची वाघीण १०६ ग्रॅमची होते. केवळ गणिताने ती ३० ग्रॅमची झाली असती हे वर पाहिलेच आहे. डबा दिसण्यात प्रमाणबद्ध असावा, वजनात मात्र नसावा, ही तडजोड येथे उघडपणे नियमबद्ध झाली.

सुरुवातीला डबे लाकूड, पुठ्ठा व ओतीव धातूचे बारीक भाग यांच्या संचांतून जोडीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील कारागिरांनी बनविलेली पितळी एंजिने अमेरिकेत येऊ लागली आणि प्लॅस्टिकच्या संचांमुळे डबे स्वस्त झाले. पूर्वी एक वाघीण पुरी करण्यास अनेक संध्याकाळी लागत. आता ती तासाभरात रुळांवर उभी राहू लागली. जुन्या मंडळींना हे रुचले नाही. पण वाघिणींची वाण संपल्यामुळेच पुष्कळांचे लक्ष डब्यांवरून मांडणीकडे वळले, हेही खरे आहे.

मांडणी व प्रदर्शन : मांडणीचा विचार करणाऱ्यांत न्यू ऑर्लीन्सचा फ्रँक एलिसन अग्रेसर होता. मांडणी म्हणजे रंगभूमी, देखावा म्हणजे नेपथ्य, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक, अशी त्याची भूमिका होती. गाडी वर्तुळात फिरविण्याऐवजी ती कोठून तरी निघावी, वाघिणी कोठे तरी सोडाव्यात व नव्या घ्याव्यात, या कल्पनेला त्याने रूप दिले. काळ लहान करता येत नाही, या अडचणीवर अशा मांडणीत जलद चालणारे घड्याळ लावण्याची युक्ती योजतात. काही मिनिटांत त्याचा एक तास पुरा होतो व वेळापत्रक त्याच्यावर चालते.

कॅलिफोर्नियातील मॉंटेरे येथे जॉन ॲलन या छायाचित्रकाराने उभारलेली मांडणी या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध होय. जमिनीपासून छताजवळ जाणारे डोंगर, खोल दऱ्यांवरील पूल आणि काजळी, गंज व धूळ दाखवून मुद्दाम जुने केलेले डबे, ही तिची वैशिष्ट्ये होती. त्यापूर्वी प्रतिकृती नव्या रंगाने चकाकत ठेवणे हेच कौशल्य मानीत. वाघिणी हलविण्यासाठी एंजिनाऐवजी एक प्रागैतिहासिक सरडाही त्याने रुळांवर सोडला होता, यावरून त्याची विनोदबुद्धी दिसते. ॲलन जानेवारी १९७३ मध्ये मरण पावला आणि त्यानंतर दहा-एक दिवसांतच घराला लागलेल्या आगीत त्याच्या सु. पंचवीस वर्षांच्या कामाची राख झाली. आज ते त्याने घेतलेल्या छायाचित्रांतच उरले आहे.

चित्राला किंवा पुतळ्याला संग्रहालय असते. मांडणीचे नशीब बहुधा ती करणाऱ्याच्या आयुष्याशी बांधलेले असते. ती भिंतींना धरून उभारलेली असल्याने न तोडता हलविता येत नाही. या नियमाला इंग्लंडमधील पेंडन संग्रहालय हा अपवाद आहे. मूळचा ऑस्ट्रेलियन असलेला रॉय इंग्लंड १९२५ मध्ये तेथे आला. व्हाइट हॉर्सच्या खोऱ्यातील गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत असलेली पाहून त्याने त्यांची मोजमापे घेऊन पुठ्ठ्यात प्रतिकृती करण्यास सुरुवात केली. १९५४ मध्ये लाँग विटनम या खेड्यात त्याने संग्रहालय स्थापन केले. तेथे रेल्वे ही १९२० ते १९४० या काळातील ग्रामीण प्रदेशाच्या नोंदीचा केवळ एक भाग आहे. जॉन अहर्न याची ‘मॅडर व्हॅली’ ही मांडणीही त्याच्या मृत्यूनंतर तेथेच जतन करण्यात आली. दोन्ही मांडण्या शेजारी पाहिल्यास फरक लक्षात येतो. अहर्नची रेल्वे कल्पित आहे, इंग्लंडची मोजून घेतलेली.

जाहीर प्रदर्शनांची प्रथा मुख्यतः मंडळांमुळे वाढली. लंडनमधील मॉडेल रेल्वे क्लब १९१० मध्ये स्थापन झाला. हँबर्ग येथे २००१ मध्ये खुली झालेली ‘मिनिआटूर वुंडरलांड’ ही मात्र प्रथमपासून व्यवसाय म्हणून उभारलेली मांडणी असून ती जगातील सर्वांत मोठी समजली जाते.

नियंत्रण : एकाच विद्युत् मंडलावरील सर्व एंजिने एकदम चालू लागतात, ही विजेच्या गाड्यांची मूळ अडचण होय. म्हणून मार्गाचे वेगवेगळे विभाग करून प्रत्येकास स्वतंत्र कळ देत. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९४६ मध्ये स्थापन झालेल्या विद्यार्थी मंडळाने या कामासाठी दूरध्वनी केंद्रांतील रिले वापरून गुंतागुंतीची यंत्रणा बनविली. त्यांतीलच काही विद्यार्थी पुढे संस्थेतील संगणकांकडे वळले आणि ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्या बोलीतून संगणकक्षेत्रात आला. १९९० नंतरच्या दशकात प्रत्येक एंजिनास स्वतंत्र अंकीय आज्ञा देणारी पद्धत प्रमाणित झाली व कळफलकांचे जंजाळ कमी झाले.

भारत : प्रतिकृती रेल्वेचा उपयोग शिक्षणासाठीही होतो. सांधे व सिग्नल यांचा परस्परसंबंध चुकला तर काय होते, हे खऱ्या मार्गावर शिकविता येत नाही. त्यासाठी मँचेस्टर येथे केलेली सिग्नल-प्रशिक्षणाची मांडणी आता यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. भुसावळ येथील रेल्वे प्रशिक्षण संस्थेतही याच हेतूने प्रतिकृती कक्ष ठेवलेला आहे. छंद म्हणून मात्र आयात सामग्रीच्या किंमतीमुळे तो मोजक्या घरांपुरताच राहिला. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ मध्ये खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय ही महाराष्ट्रातील या क्षेत्रातील उल्लेखनीय घटना होय. तेथील मांडणीत रेल्वेबरोबर एक संपूर्ण शहर दाखविले असून तिचे खेळ प्रेक्षकांना ठरावीक वेळी दाखवितात.

भारतीय गाड्यांची प्रतिकृती करणाऱ्यासमोर ब्रिटिशांचाच जुना प्रश्न नव्या रूपात येतो. मोठ्या परदेशी उत्पादकांच्या सूचीत भारतीय डबे क्वचितच असतात, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापून किंवा अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने बनवावे लागतात. डबा तयार झाला तरी रूळ कोणते, हा प्रश्न उरतोच. १६७६ मिमी.च्या ब्रॉडगेजचे १:८७ प्रमाणात १९.२६ मिमी. होतात आणि बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिमी.चे. बहुतेक जण हा फरक पत्करतात. नॅरोगेजच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे गेज ७६२ मिमी. होते. १:८७ प्रमाणात ते ८.७६ मिमी. येते आणि सर्वत्र मिळणाऱ्या ९ मिमी. गेजच्या रुळांपासून त्याचा फरक पाव मिलिमीटरच पडतो. मिरज ते लातूर हा तो मार्ग २००० नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. त्यामुळे त्या गाडीची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला रूळ सहज मिळतात. डब्यांची मापे मात्र जुनी आरेखने, छायाचित्रे व त्या मार्गावर काम केलेल्या लोकांच्या आठवणी यांतूनच गोळा करावी लागतात.