चितकबऱ्या गणवेशातील छोटा शिपाई : एक कुळकथा

महाराष्ट्रात दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडण्याची जी प्रथा आहे, तीत रंगकामाचा नियम एकच असतो : शिपाई दुरून दिसला पाहिजे. म्हणून साच्यातून निघालेल्या मावळ्याला लाल पागोटे, पिवळा किंवा निळा अंगरखा आणि ठसठशीत काळी मिशी मिळते. खऱ्या फौजांचाही पूर्वी हाच रिवाज होता, कारण काळ्या दारूच्या धुरात आपली पलटण ओळखू येणे हे लपण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे होते, आणि खेळण्यातला शिपाई त्या भडक पोशाखाचीच नक्कल करीत आला.

हा रिवाज मोडण्याची सुरुवात हिंदुस्थानातच झाली. हॅरी लम्सडेन याने १८४६ मध्ये पेशावरात उभारलेल्या गाइड्स पलटणीला मातकट, म्हणजे खाकी, रंगाचा वेश देण्यात आला आणि १८५७ च्या उठावात इंग्रजी तुकड्यांनी आपले पांढरे कपडे हाताशी येईल त्या रंगात बुडवून मळकट करून घेतले. खाकीचा खरा विजय मात्र धूर न करणाऱ्या दारूमुळे झाला : १८८४ नंतर ती प्रचारात आल्यावर मैदान स्वच्छ दिसू लागले, बंदुकांचा पल्ला वाढला आणि लाल डगला हे आयते लक्ष्य ठरले.

खेळण्यांनी ही बातमी लगेच उचलली. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती काढली होती, तिने माल हलका व स्वस्त झाला, आणि बोअर युद्धाच्या सुमारास त्यांच्या पेट्यांत खाकी शिपाई आले. खाकी रंगवणे सोपे होते; एका हाताने काम भागे.

पुढची पायरी अवघड ठरली. कॅमोफ्लाज, म्हणजे आसमंतात मिसळून आकृतीची कड मोडणारी रंगयोजना, १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकारांची स्वतंत्र तुकडी उभारून हाती घेतली, पण ती मुख्यतः तोफा व आडोशांसाठी होती. अंगावरच्या कापडापर्यंत ती पोहोचायला वेळ लागला. इटलीने १९२९ मध्ये तंबूच्या कापडावर असा नमुना छापला आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांच्या डेनिसन डगल्यावर सुरुवातीला चक्क जाड ब्रशाने पट्टे ओढले गेले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील हिंदी फौजेने मात्र ठिपक्यांऐवजी एकरंगी जंगली हिरवा पत्करला. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशकला लढलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण याच फौजेतली.

छोट्या शिपायाच्या रंगाऱ्यापुढे येथे उलटा पेच उभा राहतो. खरा गणवेश माणसाला नाहीसा करण्यासाठी असतो, तर रंगाऱ्याला तो माणूस दाखवायचा असतो. १:३५ या प्रमाणात उंचापुरा सैनिक जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो आणि कापडावरचा सात सेंटिमीटरचा ठिपका दोन मिलिमीटर उरतो. खऱ्या कापडाचा अचूक रंग जसाच्या तसा लावला तर मूर्ती काळवंडते, म्हणून रंगात थोडा फिकट करडा मिसळून तो मवाळ करतात. आधी अस्तर, मग सर्वांत उजळ मूळ रंग, त्यावर हिरवे व तपकिरी ठिपके आणि शेवटी काळ्या फांद्यांसारख्या रेषा, असा साधारण क्रम असतो. मग पातळ गडद रंग चुण्यांत मुरवायचा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशाने गुडघे, कोपर व खिशांच्या कडा उजळवायच्या, म्हणजे कापडाची घडी नमुन्याखालून पुन्हा वर येते.

जाणकार नजर मात्र शिवणीवर जाते. छापील कापड आधी छापतात आणि मग बेततात, त्यामुळे खांद्याच्या शिवणीवर, खिशाच्या झाकणावर ठिपका तुटलाच पाहिजे. बाहीवरून छातीपर्यंत अखंड वाहणारा पट्टा दिसला की रंगाऱ्याने कापड पाहिलेले नाही हे उघड होते. हातांनी रंगवलेल्या डेनिसनला हा नियम सैल लावता येतो, आणि ही सवलत नवशिक्याला फार उपयोगी पडते.

भारतीय सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी सेनादिनाच्या संचलनात नवा गणवेश दाखवला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निफ्टच्या, मदतीने आखलेल्या या नमुन्यात गोल ठिपक्यांऐवजी बारीक चौकोन आहेत, जे १:३५ मध्ये मिलिमीटरच्या अंशावर येतात. ते मोजून रंगवण्याचा अट्टाहास फोल आहे. काटकोनी, तुटक कडांचे लहान फटकारे सुचवतील तेवढे पुरे. त्याच वर्षी या नमुन्याची नोंदणी होऊन त्याचे हक्क लष्कराकडे गेले.