विजेचं बिल आणि तीन खटले

भांडवलशाहीवर खटला भरता येतो का? चहाच्या टपरीवर आम्ही हा खटला रोज चालवतो आणि वडापाव संपायच्या आत निकालही लावून टाकतो. पण १९३७ साली अमेरिकेत, म्हणजे भांडवलशाहीच्या माहेरघरी, हा खटला खरंच उभा राहिला होता. रंगमंचावर, तिकीट लावून आणि गंमत म्हणजे सरकारी खर्चाने! विषय होता वीज. या विकांताला त्याचीच गोष्ट. एकूण खटले तीन आहेत, म्हणून क्रमाने घेऊ.

पहिला खटला खऱ्या कोर्टातला. आरोपी सॅम्युअल इन्सल. हा मूळचा लंडनचा. १८८१ मध्ये एडिसनचा सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत आला आणि पुढे शिकागोच्या वीजधंद्याचा सर्वेसर्वा झाला. माणूस हुशार. गिऱ्हाइकं वाढली की दर उतरवता येतात हे त्याने फार लवकर ओळखलं आणि साध्या घरांपर्यंत वीज नेली. हे श्रेय त्याचं त्याला द्यायलाच हवं. पण त्याने आणखी एक गोष्ट उभारली : होल्डिंग कंपन्यांचा मनोरा.

गणित सोपं आहे (आकडे फक्त समजण्यापुरते). ८०० रुपयांच्या वीज कंपनीवर ताबा हवा असेल तर साधारण निम्मे, म्हणजे ४०० रुपयांचे शेअर्स पुरतात. ते घ्यायला दुसरी कंपनी काढायची. तिचे निम्मे शेअर्स आपल्याकडे ठेवायचे, बाकीचे लोकांना विकायचे. झाले २००. तिच्यावर तिसरी कंपनी काढली की १०० रुपयांत काम भागतं. म्हणजे ८०० च्या धंद्यावर १०० रुपयांत राज्य! नफा असतो तोवर वरच्या मजल्यावर चंगळ. तोटा आला की मात्र अख्खी इमारत खाली.

महामंदीत, १९३२ साली, ती तशी आलीच. हजारो साध्या माणसांची बचत बुडाली. इन्सल ग्रीसला पळाला, १९३४ मध्ये त्याला धरून परत आणलं, खटला चालला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. नंतरच्या खटल्यांतही तो सुटला.

लोक चिडले, पण कोर्टाचंही बरोबरच होतं. कोर्ट एवढंच विचारू शकतं की या माणसाने ठरवून फसवलं का? मनोरा बांधणं हा काही गुन्हा नव्हता. कोर्टात माणूस उभा करता येतो, व्यवस्था कशी उभी करणार?

इथे दुसरा खटला सुरू होतो. मंदीत बेकार झालेल्या नाटकवाल्यांना काम मिळावं म्हणून रूझवेल्ट सरकारने १९३५ मध्ये 'फेडरल थिएटर प्रोजेक्ट' काढला. प्रमुख होत्या हॅली फ्लॅनगन, कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या प्राध्यापिका. त्यांच्या माणसांनी एक नवाच प्रकार आणला : 'जिवंत वर्तमानपत्र'. पत्रकार मंडळी बातम्या, सरकारी अहवाल, कोर्टाचे निकाल खणून काढायची आणि त्यातून प्रवेश रचायची. छापील संहितेला चक्क तळटीपा असायच्या. (तळटीपा असलेलं नाटक! आमच्यातल्या इंजिनिअरला हे फारच भावलं.)

२३ फेब्रुवारी १९३७ ला न्यूयॉर्कच्या रिट्झ थिएटरात 'पॉवर' आलं. लेखक आर्थर ॲरेंट. यात हिरो नाही, एक ग्राहक आहे. अँगस बटनकूपर नावाचा साधा माणूस. त्याला दर महिन्याला बिल येतं आणि त्याचा प्रश्न एकच : हे किलोवॉट-अवर म्हणजे काय? आपल्या बिलात 'युनिट' म्हणतात तेच हे. १०० वॅटचा दिवा दहा तास जाळला की एक युनिट. ते कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : मग त्याला एवढे पैसे का? कांदे महाग वाटले तर शेजारच्या गाडीवर जाता येतं. घरात येणारी तार मात्र एकच असते. तिथून दर कोण ठरवतं, होल्डिंग कंपनी म्हणजे काय, असं करत करत हा सामान्य माणूस मनोऱ्याचे मजले चढत जातो. दुसरीकडे एक शेतकरी जोडपं आहे, त्यांना वीज हवीय आणि कंपनीला तार टाकणं परवडत नाही. हे काल्पनिक नव्हतं. त्या काळात अमेरिकेतल्या दहापैकी साधारण नऊ शेतघरांत वीज नव्हती.

मला यातली सगळ्यात मोठी हुशारी ही वाटते की नाटक 'भांडवलशाही वाईट' असं ओरडत सुरू होत नाही. ते बिलापासून सुरू होतं. बिल सगळ्यांनाच येतं.

आता तुम्ही म्हणाल, ही बाजू एकतर्फी नाही का? आहेच. नाटकात तारणहार म्हणून येते टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे १९३३ मध्ये सरकारनेच काढलेली, धरणं बांधून वीज विकणारी संस्था. आणि नाटकाचा पगारही सरकारच देतंय. वकील, न्यायाधीश आणि पगार देणारा एकच असेल तर तो खटला कसला? ही शंका मला अगदी रास्त वाटते. तळटीपा खऱ्या असल्या तरी कुठली तळटीप घ्यायची हे कुणीतरी ठरवतंच. एक गोष्ट मात्र नाटकाच्या बाजूने सांगायला हवी. शेवटी सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायाधीश नऊ मुखवट्यांच्या रूपात येतात. १९३६ चा एक निकाल सरकारच्या बाजूने लागलेला असतो, पण कंपन्या पुन्हा कोर्टात गेलेल्या असतात. पडदा पडताना दिसतं ते एक भलंमोठं प्रश्नचिन्ह. निकाल प्रेक्षकांवर सोडलेला.

तिसऱ्या खटल्यात मात्र आरोपी बदलला. डिसेंबर १९३८ मध्ये संसदेच्या डाइझ समितीपुढे फ्लॅनगनबाईंची उलटतपासणी झाली. आरोप, हा प्रोजेक्ट म्हणजे कम्युनिस्टांचा अड्डा. त्यांच्या एका जुन्या लेखात मार्लो या नाटककाराचा उल्लेख होता. स्टार्न्स नावाच्या सदस्याने विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? मार्लो जाऊन तेव्हा साडेतीनशे वर्षं होत आली होती! सभागृहात हशा पिकला. बाईंना मात्र हसू येईना, कारण हजारो लोकांची रोजीरोटी या उत्तरांवर टांगलेली होती. प्रोजेक्टमध्ये शेक्सपिअर होता, बालनाट्यं होती, सर्कससुद्धा होती, पण चर्चा झाली ती मूठभर नाटकांची. ३० जून १९३९ ला संसदेने पैसे बंद केले. ज्याने कोर्टाची खोली दिली त्यानेच कुलूप लावलं.

मग या सगळ्यातून मिळालं काय? मनोऱ्यांना आवर घालणारा कायदा १९३५ मध्येच, नाटकाच्या आधी, झाला होता. टेनेसीचा खटला सरकारने जानेवारी १९३९ मध्ये जिंकला. यातलं काहीच नाटकामुळे झालं नाही. नाटकाने केलं ते एवढंच, की ज्या भाषेत फक्त वकील आणि हिशेबनीस बोलत होते ती बटनकूपरला शिकवली. आणि हे काम एकदा करून संपत नाही. कारण तो १९३५ चा कायदा अमेरिकेने २००५ मध्ये रद्द केला. तेव्हा तिकीट लावून कुणी होल्डिंग कंपनी समजावून सांगत नव्हतं. बिलं मात्र येतच होती.